चार्ज

आज एकतीस मे. नवतपा चालू.
माझ्या खिशात कांदा, डोक्याले दुपट्टा,
टेबलावर डेडस्टॉक रजिस्टर.
बस, उईके. चार्ज देतो तुले.

गॅल्व्हानोमीटर बारा, त्यातले दोन मेलेले.
मीटरपट्ट्या एकोणतीस. प्रिझम सात,
एकाचा कोपरा उडालेला. कोणी उडवला
ते मले माहीत आहे, लिहिलं नाही.
आता पान चौऱ्याऐंशी.
विमशर्स्ट यंत्र, नग एक.
पहिले ऊठ अन् कूलर बंद कर.

हसू नको. शेहेचाळीस डिग्री आहे, मलेही समजते.
बाहेर बर्डीवरचं डांबर चपलेले चिकटून राहिलं.
पण खसाच्या ताटीतून येते ती हवा ओली,
अन् ओल्या हवेत हे म्हातारं बोलत नाही.
भरावी तितकी वीज झिरपून जाते,
नव्या माठासारखी.
एका सप्टेंबरात, इन्स्पेक्शनच्या दिवशी
अर्धा तास फिरवलं मी. साहेब घड्याळ पाहत होते.
ठिणगी नाही.
तेव्हापासून प्रॅक्टिकल डिसेंबरात,
नाहीतर असं, घामाघूम.

काचेच्या दोन तबकड्या. एक इकडे फिरते, एक तिकडे.
वर कथलाच्या पट्ट्या, सोळा अन् सोळा.
पोरं म्हणतात घासून वीज होते. इथं घासत नाही काहीच.
ब्रश नुसते टेकलेले,
गालाले पीस टेकावं तसे.
कोणत्या तरी एका पट्टीवर पहिलेच थोडं जास्त असते.
कुठून आलं? पुसायच्या फडक्याचं असेल,
तुझ्या ओढणीचं असेल.
ती पट्टी समोरून गेली की पलीकडची दचकते.
तिच्यातलं उलटं इकडे ओढलं जाते,
सारखं असते ते पळते,
ब्रशातून, दांडीतून, पार दुसऱ्या टोकाले.
मग ही दचकलेली पुढे जाऊन तिसरीले दचकवते.
एवढंच आहे बाई. गल्लीत बातमी फिरते तसं.
दर फेरीले मोठी होते.

फिरव. हळू. आता जोर लाव.
वास आला?
पहिले वास येते, मग आवाज.
मनगटावरची लव पाहा, उभी झाली.
अन् हे… चट्!
गोळ्यांमधी निळी रेघ, चार बोटं लांब.
आता बरण्या जोडतो दोन्ही. फिरवत राहा.
काहीच नाही. काहीच नाही. काही…
पाहिलं? उशिरा येते, पण पांढरी येते,
अन् खिडकीवरचं कबूतर उडते.

एकोणनव्वद साली मी लागलो तेव्हा
हे कपाटात पडून होतं, पट्टा तुटलेला.
ढोबळे सरांच्या अक्षरात समोर लिहिलं होतं, निकामी.
महालातून शिलाई मशीनचे पट्टे आणले,
सहा रुपयाले एक.
एक सरळ टाकला, एक आठाच्या आकड्यात,
म्हणून मागची तबकडी उलटी फिरते.
रात्रीचे नऊ वाजले असतील. पहिली ठिणगी
मी एकट्यानं पाहिली.
लाइट घालवून परत पाहिली.
आठ दिवस कोणाले सांगितलं नाही,
घरीसुद्धा.

अन् हे नीट ऐक, रजिस्टरात नाही हे.
फिरणं थांबलं म्हणजे संपलं नाही.
बरण्यांत उरते. शांत दिसते,
बोट लावलं की खांद्यापर्यंत झणका.
म्हणून ठेवताना दोन्ही गोळे एकमेकांले टेकवायचे. रोज.
एकदाच विसरलो मी,
बायकोचं ऑपरेशन होतं तेव्हा, मेडिकलले.

कर सही. नग एक, चालू स्थितीत.
ते 'चालू' माझ्या हातचं आहे. खोडू नको.
लाव आता कूलर, जीव चालला.
किल्ल्या या. कपाटाची जराशी वाकडी आहे,
उचलून फिरवावी लागते.

काय झालं? काऊन थांबली?

…हो. टेकवले नाहीत मी.
टेकव तूच.

ऐकलं न?
एवढंसं उरलं होतं.